सायीच्या रंगाची खोली

"ह्या वेळी ड्रम उघडायचा नाही," असं सून म्हणाली, आणि तेही आईच्या तोंडावर, भर दुपारी, सगळं घर हजर असताना.

दिवाणखान्यातलं सामान मधोमध रचून त्यावर जुनी चादर टाकली होती. भिंती कालच घासून झाल्या होत्या, त्यामुळे जुन्या रंगाची धूळ चहाच्या कपांवरसुद्धा बसत होती. मुलगा शिडीच्या खालच्या पायरीवर बसला होता, नात खिडकीत, आणि दोन गल्ल्या पलीकडे दिलेली लेक 'सहज' आली होती. मोकळी खुर्ची एकच होती. ती कुणाची, हे कुणाला सांगावं लागलं नव्हतं. इतपत वळण त्या घराला अजून होतं.

"काय म्हणालीस?" आईनं विचारलं. तिला नीट ऐकू आलं होतं. सुनेला माघार घ्यायला जागा द्यावी म्हणून तिनं विचारलं होतं.

सुनेनं ती जागा घेतली नाही. "ड्रम नको म्हटलं, आई. प्रत्येकानं आपापली खोली आपल्या आवडीनं करायची. दिवाणखाना सगळ्यांचा."

ड्रम म्हणजे जिन्याखालचा निळ्या प्लास्टिकचा पिंपाएवढा डबा. आईचे यजमान रंगारी. गाव त्यांना रंगारीच म्हणायचं, आणि गेल्या वर्षी ते गेले तेव्हाही लोक "रंगारी गेले" असंच म्हणाले. लोकांच्या घरांची कामं संपली की डब्यांच्या तळाशी उरलेला रंग ते घरी आणून ड्रममध्ये ओतायचे. चार वर्षांनी ड्रम भरला की आई त्याच्यापुढे पाटावर बसायची. एक हात दांडक्यावर, दुसऱ्या हातात स्टेनरच्या बाटल्या. स्टेनर म्हणजे तो दाट रंग, ज्याचा चमचाभर अख्खी बादली फिरवतो. आधी पांढरा ओतायची, मग थेंब थेंब सोडायची, आणि त्या दहा घरच्या खरकट्यातून असा एक रंग काढायची की पाहुणा हात लावून विचारी, "हा कुठल्या कंपनीचा हो?" मग जिन्यापासून न्हाणीघरापर्यंत सगळं घर त्या एका रंगात. तोच रंग पुन्हा कधी आला नाही. ज्याच्या कामाचं उरलंसुरलं जास्त, त्याचं नाव त्या रंगाला. शाळेचा, बँकेचा, दवाखान्याचा. सून ह्या घरात आली ते साल दवाखान्याचं होतं. पहिले आठ दिवस ती सकाळी डोळे उघडून घाबरायची, की आपल्याला झालंय तरी काय.

"आवडीनं म्हणजे कशा?" आई म्हणाली. "सांगा की. मलाही कळू दे घरात काय काय आवडी वाढल्यात."

मुलगा शिडीवरच अवघडला. पन्नाशीचा माणूस, स्वतःचं रंगाचं दुकान, हाताखाली चौदा कारागीर, पण आईपुढे बोलायचं म्हणजे आधी खाकरावं लागे. "माझं फार काही नाही गं. माझे ते जुने रेडिओ पलंगाखाली पडलेत ना, अकरा. त्यांना एक भिंतभर फळ्या. आणि मागे गडद तपकिरी."

"बोलतो का त्यातला एक तरी?"

"दोन बोलतात."

"मग नऊ मुक्यांना भिंत कशाला? बरं. तुझं गं?"

"माझ्या खोलीला काळी भिंत, आजी," नात म्हणाली. ती नकाशांच्या कचेरीत नुकतीच लागली होती आणि सुट्टीच्या दिवशीही तिच्या बोटांना शाई असे. "खडूनं लिहिता येईल अशी. नकाशे काढीन त्यावर."

"शाळेत होतीस तेव्हा फळ्याजवळ उभी करायचे म्हणून रडत घरी यायचीस. आता फळाच घरी आणतेस."

नात हसली. ह्या घरात आजीला हसण्याची परवानगी तिला एकटीला होती.

"आणि सूनबाईंचं?"

सून उठली. चादरीखालून तिनं कागदाची एक गुंडाळी काढली आणि खिडकीपाशी हातभर उलगडून धरली. पाणी, लव्हाळी आणि त्यात एका पायावर उभे राहिलेले बगळे. सून टपाल कचेरीत सकाळभर पत्रं लावायची आणि संध्याकाळी दुर्बीण घेऊन गच्चीत बसायची. तिची पक्ष्यांची वही होती. कोण कधी आला, कुठल्या तारेवर बसला, सगळं त्यात. बावीस वर्षांत ती वही कुणी उघडून बघितली नव्हती.

"हा आमच्या खोलीत. पलंगामागच्या भिंतीला," ती म्हणाली. "भिंतीला लावायचाच कागद असतो हा, आई. पुसता येतो."

आईनं कागदाकडे बघितलं, मग मुलाकडे, मग परत कागदाकडे. "भिंतीला कव्हर घालायचं? का, ती काय शाळेत जाणार आहे?"

लेक खुदकन हसली, आणि तेवढ्यानं सुनेचे कान लाल झाले.

"वहिनी, अगं, रंगाऱ्याच्या घरात कागद म्हणजे लोक काय म्हणतील?" लेक म्हणाली. "आणि ड्रमचा रंग हीच तर आपल्या घराची ओळख आहे." लेकीला माहेर होतं तसं हवं होतं. सासरी तिनं स्वतः तीनदा पडदे बदलले होते.

"तुम्ही दोन गल्ल्यांवर राहता, ताई," सून म्हणाली. "मी इथे राहते."

"अगं, हळू," मुलगा म्हणाला.

"हळूच बोलतेय. बावीस वर्षं हळूच बोलतेय."

आईनं पदरानं खुर्चीच्या दांड्यावरची धूळ पुसली. तिला राग आला होता, पण रागात बोलायचं नाही हे ती रंगाच्या धंद्यातच शिकली होती. गिऱ्हाईक चुकीचा रंग मागायला लागलं की त्याला नाही म्हणायचं नसतं. बरोबर रंग त्याच्यासमोर ठेवायचा असतो.

"ठीक आहे," ती म्हणाली. "माझी खोली मी करते. आवडीनंच म्हणता ना, तर माझी आवड सायीचा रंग. दूध तापवून उतरवलं की वर धरते तशी साय. पांढरा नाही, पिवळा नाही. ड्रममधूनच काढणार, माझ्या हातानं. परवा चार वाजता सगळ्यांनी येऊन बघायची. ती बघून ज्याला वाटेल की आपला कागद, आपला फळा ह्याहून बरा, त्यानं खुशाल लावावा. मी जिभेला गाठ मारीन. पण ती बघून तोंडात बोट गेलं, तर सगळं घर ड्रमचं. कबूल?"

मुलानं लेकीकडे बघितलं. लेकीनं मुलाकडे. काहीतरी त्या दोघांत गेलं आणि आलं. आईनं ते बघितलं आणि भावाबहिणीचं प्रेम म्हणून सोडून दिलं.

"आई, हवं तर मी दुकानातून मशीनवर करून आणतो ना सायीचा," मुलगा म्हणाला. "तुला कशाला त्रास?"

"मशीन?" आई म्हणाली. "तुझ्या मशीनला जे जमत नाही ते मेलं माझ्याकडेच येतं ना?"

ते खरं होतं. दुकानात रंग मिसळायचं मशीन येऊन सहा वर्षं झाली होती. तरी कुणी फुटलेल्या कपाचा तुकडा घेऊन आलं, कुणी आजोळच्या दाराची ढलपी घेऊन आलं, की मुलगा ती घरी आईकडे आणायचा. आई उजेडात दोनदा फिरवून बघायची आणि तासाभरात तोच रंग वाटीत. अक्षरओळख तिला जेमतेम होती. शेडकार्डावरची नावं तिनं कधी वाचली नाहीत. पण तिच्या नजरेवर हे घर उभं होतं, आणि हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. निदान तिला तरी तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ड्रमपुढे बसली. लेक बादली धरायला आली. वरची पापडी काढून आत दांडकं फिरवलं, तर खालून राखाडी-पिवळा निघाला. वर्षभरात वकिलांच्या दोन कचेऱ्या झाल्या होत्या. आईनं बादलीभर काढून घेतला आणि त्यात पांढरा ओतला. एक डबा, दोन डबे, तीन.

"आता कसा वाटतो?" तिनं विचारलं. तिला उत्तराची गरज नव्हती. हातात काम असलं की ती विचारत राही.

"छान झालाय की," लेक म्हणाली. "झालाच, आई. हाच सायीचा."

"हा सायीचा? डोळे आहेत का भोकं? पिवळाधमक आहे. हळद पडल्यासारखा." तिनं निळ्या स्टेनरची बाटली उचलली. पिवळा मारायला निळा, हे तिला यजमानांनी लग्नाच्या पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. दोन थेंब. दांडकं. बघितलं. अजून पिवळाच. चार थेंब. "पांढराही हल्ली धड येत नाही. डब्यातूनच पिवळट येतो. भेसळ करतात मेले."

"आई, पुरे ना."

"तू गप. तुला कधी कळलाय रंग? सासरचे पडदे बघितलेत मी." परत थेंब. मग चमचा. मग तिनं बादलीत बोट बुडवून पायरीवर रेघ ओढली, मान तिरकी केली आणि तिच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "हां. आता आली साय."

लेक त्या रेघेकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. बराच वेळ चहा आला नाही.

खोली आईनं आणि दोन कारागिरांनी मिळून रंगवली. शिडीवर आता ती चढत नसे, पण खालचा हातभर पट्टा आणि खिडकीच्या कडा तिनं कुणाला करू दिल्या नाहीत. कारागीर एरवी तिच्याशी बडबड करत. त्या दिवशी मात्र ते मुकाट्यानं रोलर फिरवत होते. आईला वाटलं, शिस्त आली पोरांना.

तिसऱ्या दिवशी चार वाजता सगळे आले. पडदे काढलेले, दोन्ही खिडक्या सताड उघड्या. आई पलंगावर बसली होती, हात मांडीवर, परीक्षेचा निकाल माहीत असलेल्या मुलीसारखी.

मुलगा आणि लेक पलंगासमोर येऊन उभे राहिले.

"सुंदर झालीय, आई," मुलगा म्हणाला.

"खूपच छान," लेक म्हणाली. "अगदी साय."

आणि तिथेच आईला खटकलं. ह्या घरात कामाकडे बघून पहिला शब्द 'सुंदर' कधीच निघत नसे. आधी "कोपरा कच्चा राहिला," मग "हा ओघळ कुणाचा," मग "बाकी बरं आहे." यजमानांनी उभ्या जन्मात 'सुंदर' हा शब्द एकदाच वापरला, तोही दुसऱ्याच्या कामाला. मुलगाही तसाच. त्यानं कोपरा बघितलासुद्धा नव्हता. तो भिंतीकडे न बघता आईकडे बघत होता.

आई नातीकडे वळली. नात खिडकीबाहेर बघायला लागली.

"सूनबाई," आई म्हणाली. "तू का गप्प? जिंकले म्हणून राग आला?"

सून दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडे बघितलं. त्यानं मान हलवली, अगदी बारीक. ती आईला दिसली.

"आई," सून म्हणाली, "भिंत निळी आहे."

"अगं ए—" मुलगा ओरडला.

"वहिनी, काय बोलतेस तू! उजेडाचा फरक आहे तो. दुपारचं ऊन..."

"उजेडाचा नाही, ताई. निळी आहे. शाळेच्या वहीच्या पुठ्ठ्यासारखी. तुम्हालाही दिसतंय, ह्यांनाही दिसतंय. कालपासून सगळं घर जिन्यात कुजबुजतंय, आणि ह्या एकट्याच इथे बसून वाट बघतायत." तिनं पदर खोचला. "मला नाही बघवत ते."

आईनं भिंतीकडे बघितलं. साय. स्वच्छ, धुतलेली साय. तिनं डोळे मिटले, उघडले. सायच होती.

"खोटारडी," ती म्हणाली. पण शब्दात जोर नव्हता, आणि ते सगळ्यांच्या आधी तिलाच कळलं. तिनं पलंगावरची उशी ओढली आणि सुनेपुढे धरली. "हा अभ्रा कसला आहे?"

"पांढरा."

"पिवळा पडलाय. तीन महिने मी तुला साबणावरून बोलतेय."

"पांढरा आहे, आई. मी दोनदा धुवायची, तुमच्या समाधानासाठी."

"आणि दूध? तो गवळी मी बंद केला ना, दूध पिवळट देतो म्हणून?"

सुनेनं नातीकडे बघितलं. नात हळूच म्हणाली, "दूध चांगलं होतं, आजी. तो मला रस्त्यात विचारतो अजून, माझं काय चुकलं म्हणून."

आई उशी मांडीवर घेऊन बसली. डब्यातून पिवळट येणारा पांढरा. रात्री दिव्याभोवती दिसणारं पिवळं कडं. गेल्या थंडीपासून सगळ्या जगात भेसळ वाढली होती, आणि तिनं जगाला शिव्या घातल्या होत्या.

मग तिनं मान वर केली, आणि तो प्रश्न तिनं मुलाला विचारला. "फुटक्या कपाचा रंग मी तुला दिला, गेल्या महिन्यात. तो लागला?"

मुलगा घाम पुसत होता.

"तुला विचारतेय मी."

"लागला नाही, आई. त्या आधीचा हॉटेलच्या जिन्याचाही नाही. ठिगळ दिसायला लागलं. मग मी..." तो थांबला.

"मग तू काय?"

"मशीनवर करून घेतला. गेले सहा-सात महिने तसंच करतोय. तुझी वाटी आणतो, आणि मग..."

"ओततोस."

"ड्रममध्ये," तो म्हणाला. त्याला वाटलं, एवढं तरी बरं.

"आणि माझ्याकडे आणायचास कशाला?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून. बाबा गेले, त्यात हे... ताई म्हणाली, राहू दे, कळू द्यायला नको."

लेक रडायला लागली. आईनं तिच्याकडे बघितलंही नाही. डोळ्यांचं एक होतं. म्हातारपणी डोळे जायचेच. पण सहा महिने ती उजेडात उभी राहून वाटीत थेंब सोडत होती, आणि ती नजरेआड झाली की ते ओतून टाकलं जात होतं. तिच्या पोटच्या पोरांनी तिला खेळायला भातुकली दिली होती.

"लहान मूल समजलात मला," ती म्हणाली. "मूल शहाणं. त्याला निदान खेळ आहे हे ठाऊक असतं."

"आई, तसं नव्हतं गं मनात..."

"मनातलं तुझ्याकडेच ठेव. कारागिरांनाही ठाऊक होतं?"

मुलानं मान खाली घातली. म्हणजे होतं.

आई उठली. भिंतीपाशी गेली आणि तिनं तळहात टेकवला. रंग सुकला होता, हाताला गुळगुळीत लागत होता. कुठे ओघळ नाही, कुठे खडा नाही. हाताला खोटं सांगता येत नव्हतं. काम चोख होतं.

"किती निळी?" तिनं न वळता विचारलं. "ओंगळ दिसते?"

हा प्रश्न कुणाला आहे हे सगळ्यांना कळलं. मुलगा बोलायला गेला आणि नातीनं त्याचा दंड धरला.

सुनेनं वेळ घेतला. ती आत आली, खिडकीपाशी गेली, भिंत ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. "ओंगळ नाही," ती म्हणाली. "पण झोपायच्या खोलीला जरा जास्त आहे. खिडकीजवळ बरी वाटते. पलंगामागे अंगावर येते."

"आणि कोपरा?"

"दाराच्या वरचा कच्चा राहिलाय."

"तो कारागिरांचा. माझा नव्हे." आई वळली. कितीतरी दिवसांत तिच्याशी कुणी असं बोललं नव्हतं. "उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. तू चल माझ्याबरोबर."

"मी नेतो ना, आई," मुलगा घाईनं म्हणाला. "गाडीनं."

"तुला डॉक्टर एक सांगेल आणि तू मला भलतंच सांगशील. हिला रजा टाकायला सांग." मग सुनेला, नेहमीच्या आवाजात: "आणि तुझा तो कागद. तो लावणार असशील तर आधी भिंतीला प्रायमर मार दोनदा. नाहीतर फुगून येईल. रंगाऱ्याच्या घरात फुगलेला कागद मला खपायचा नाही."

सुनेचं तोंड उघडं राहिलं. "म्हणजे... लावू?"

"शब्द दिला होता ना मी? परत परत बोलायला लावू नकोस."

लेकीनं नाक पुसलं. "आणि ही खोली, आई? अरे, आज संध्याकाळीच एक हात मारून घे पांढऱ्याचा. दोन तासांचं काम. बिचारीला निदान..."

"मारतोच," मुलगा म्हणाला. त्याला काहीतरी करायला मिळालं म्हणून तो निघालाच होता. "डबे खालीच आहेत."

"खबरदार ह्या भिंतीला हात लावाल तर!"

तो दारातच थांबला.

"रंग माझा आहे," आई म्हणाली. "चुकला असेल तर तोही माझा. डॉक्टर मोतीबिंदू काढील, पट्टी सुटेल, तेव्हा मी इथे ह्या पलंगावर बसून आधी बघणार. उभ्या जन्मात मी न बघता कुणाला रंग दिला नाही, आणि न बघता पुसूही देणार नाही. मग ठरवीन, ठेवायचा का काढायचा."

"आणि ओंगळ वाटला तर?" नातीनं विचारलं.

आईनं सुनेकडे बघितलं. "वाटला तर हिला पहिलं सांगेन. तोंडावर."

आणि ती त्या निळ्या खोलीत, तिच्या लेखी सायीच्या खोलीत, खिडकीजवळची बाजू धरून बसली आणि चहा कुठे अडला म्हणून ओरडली.